सुतक कानावर येईपर्यंत

माझा नवसाबिवसावर विश्वास नाही. माझ्या धाकट्या भावाचा होता. दर माघात तो गावच्या लोकांबरोबर मोताळ्याहून शेगावला पायी जायचा, तेही अनवाणी. यंदा तो अकोल्याच्या दवाखान्यात पडून होता. यकृत कामातून गेलेलं. मी भेटायला गेले तर म्हणाला, ‘‘बाई, माह्या वाटचं तू चाल. यंदाची वारी खंडू देऊ नको.’’ मी त्याला चांगलं झापलं. देवाला काय पाय मोजून लागतात का, म्हटलं. आणि मग गेले. डोळे पिवळे पडलेला माणूस काही मागतो तेव्हा वाद घालून जिंकण्यात अर्थ नसतो.

चालायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नांदुऱ्याच्या मुक्कामावरून निघालो. आमच्या शेजारची मावशी चालणाऱ्या सगळ्या बायांची म्होरकी. आदल्या दिवशी तिने माझ्या बुटांवरून मला सळो की पळो केलं होतं. ‘‘मास्तरीनबाई, देवाच्या दारी पीटीचा तास घेशीन काय वं?’’ सगळ्या बाया हसत होत्या, मीही जमेल तशी परतफेड करत होते. त्या पहाटे मात्र ती एवढंच म्हणाली, ‘‘तुहा मोबाइल दे माह्याजवळ. घडी घडी पाह्यतं न् मांगं पडतं.’’ खरंच मी सारखी मोबाइल बघत होते. देऊन टाकला.

माघाची थंडी अंगाला झोंबत होती. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या आणि रिकाम्या. पालखी पुढे, टाळ पुढे, आणि मी बायांच्या घोळक्यात. चहाच्या थांब्याला माझ्या हातात सगळ्यात आधी कप आला. माझी पिशवी कुणीतरी न विचारता खांद्याला अडकवली. भजनात माझा सूर फाटला तरी कुणी टोकलं नाही. आमच्या वऱ्हाडात माणूस धड असेपर्यंत त्याला कुणी सुखाने जगू देत नाही. टिंगल थांबली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

वाटेत जलंब गाव आलं आणि मला समजलं.

कारण हे मी आधी पाहिलेलं होतं. सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. ऐकलंच नाही तर नाही. सुतकात दर्शन नाही, आणि दर्शनाशिवाय चाललेलं सगळं पाण्यात. म्हणून पायदळ वारीला निघालेल्याच्या घरी काही वाईट घडलं तर बाकीचे तोंड शिवून घेतात आणि त्याला देवाच्या पायाशी पोचवूनच सांगतात. आमच्या गल्लीतल्या एकीला तिची सासू गेल्याचं असंच दर्शनानंतर कळलं होतं. तिच्या दुःखात तिची चाल तरी वाया गेली नाही, असं सगळे म्हणाले होते. मला तेव्हा या लोकांचा संताप आला होता.

‘‘मावशी, माहा फोन दे,’’ मी म्हटलं.

‘‘दर्शन झाल्यावर देतो ना वं,’’ ती म्हणाली आणि पदर सावरत दुसरीकडे बघू लागली.

आता भाऊ गेला का, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. मी तो विचारला नाही. विचारलं असतं तर सुतक लागलं असतं आणि त्याची वाट शेगावच्या तोंडाशी येऊन मोडली असती. त्याने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट. गेलेल्या माणसासाठी एवढं तरी करावं, असं वाटलं. मी डोक्यावरून पदर ओढला आणि चालत राहिले. त्याचं लहानपण आठवून रडले. बाया बघत होत्या. दुपारी रस्त्याकडेला पिठलं-भाकरीची पंगत बसली. मी माझी भाकरी शेजारच्या बाईच्या पानात सरकवली.

संध्याकाळी दर्शन झालं. गाभाऱ्यात काय दिसलं ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर मावशीने मला पायरीवर बसवलं, फोन हातात दिला आणि गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली.

‘‘गेला वं माय तुहा भाऊ.’’

‘‘मले माहीत आहे,’’ मी म्हटलं. ‘‘रात्रीच गेला ना?’’

ती रडता रडता थांबली.

‘‘नाई वं. दुपारी गेला. पहाटे गावाहून मले फोन आला, तुही भावजय रडून राह्यली, डॉक्टरनं हात टेकले म्हणे. म्हून म्या तुहा फोन घेतला न् बंद करून ठेवला. मले वाटलं, आता कवाबी खबर येईन.’’

मी फोन सुरू केला आणि भावजयीला लावला. ती बराच वेळ नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, ‘‘बाई, तुमचा फोन काऊन बंद होता? सकाळपासून शुद्धीवर होते ते. एकच धरून बसले होते, बाईले लावून दे, कुठवर पोचली विचारतो.’’

मी जलंबला होते. तो जिवंत होता, आणि मी त्याच्या नावाने रडत चालले होते.