उभ्यानं थापलेल्या भाकरी

मी भवानी पेठेत कडक भाकरी करून विकायची. सकाळपासून उजवा पाय मुडपून चुलीपुढं बसायचं आणि बुट्ट्या भरेपर्यंत थापत राहायचं. चाळिशी उलटली तसा उजवा खुबा असा धरायला लागला की उठताना सगळे देव आठवायचे. कुणी कुणी करकंबच्या बाजारातून तेलं आणून दिली. त्यानं लुगडी तेवढी पिवळी झाली.

शेवटी आमचे हे मला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. फोटो काढला. खुब्यातली गादी झिजली होती. मुंबईत आता खराब सांधा काढून धातूचा बसवतात, असं डॉक्टर म्हणाले. ऐकूनच ह्यांचा चेहरा उतरला. मला मात्र वाटलं, सुटले एकदाची! तेवढ्यात डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. नवा सांधा बसवल्यावर जन्मात खाली मांडी घालायची नाही. सांधा निखळला तर पंचाईत.

मी उखडलेच. खाली बसायचं नाही तर भाकरी थापायची कशी? दुसरं काही नाही का म्हणून त्यांच्या मागंच लागले. होतं की. दुखेल तेव्हा गोळी, रोज पायाचे व्यायाम, वजन कमी, काठी डाव्या हातात. मी शहाणी इतके दिवस दुखऱ्या बाजूलाच धरत होते. आणि खाली बसणं बंद.

"म्हणजे ऑपरेशन केलं तरी खाली बसायचं नाही, आणि नाही केलं तरी नाही?"

"नाही."

"मग आधी बसणंच सोडून बघते. मुंबई काय, कुठं पळून जात नाही."

डॉक्टर हसले. पण झीज भरून येणार नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं.

घरी रणकंदन. उभ्यानं भाकरी करणं म्हणजे सासूबाईंच्या लेखी अन्नाचा अपमान. हे घर हाय का हॉटेल, म्हणून त्यांनी मराठीत सुरू केलं आणि कानडीत संपवलं. मीही ऐकणारी नव्हते. गवंडी बोलावून कमरेइतका ओटा बांधून घेतला, चूल वर चढवली. पहिले आठ दिवस उभ्यानं हाताला जोरच येईना. माझ्याकडून भाकरी घेणारा दुकानदार म्हणाला, बाई, ही भाकरी आहे की नकाशा? मग हात बसला. दुखणं गेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण दिवसभराचं काम रेटायला लागले.

सासूबाई मात्र खाली शेगडी मांडून स्वतःपुरती भाकरी वेगळी करायच्या. महिनाभरानं एका सकाळी त्या बसल्या त्या उठेचनात. मी हात दिला तर झिडकारला. कशाबशा उठून ओट्यापाशी आल्या.

"सर की जरा तिकडं. माजं बी गुडगं दुकत्यात. लई वर्सं झाली."

"मग कधी बोलला का नाही?"

"बोलून काय? बसूनच रांदायचं असतंय की."

मी सरकले. आधी राग आला, मग रडूच फुटलं. इतकी वर्षं एका चुलीपुढं बसलो, आणि मला दुखत होता फक्त माझाच खुबा.