मागचा एक्सल आणि माझं मोजणं

मी हे लिहावं की नाही, याबद्दल मला अजून खात्री नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात जाणं म्हणजे लिहिता येणं नव्हे, एवढं मला कळतं. गाड्यांतलं तर त्याहून कमी कळतं. ज्यांना कळतं ते लिहीत नाहीत, म्हणून धीर केला. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमची जीप माझ्या दुप्पट वयाची आहे. जुनी, चारही चाकं ओढणारी. तांड्यावरच्या लोकांना जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला नेणं-आणणं हा वडिलांचा धंदा. तांडा टेकाडावर, आणि पावसाळ्यात तिथल्या काळ्या चिखलातून वर चढणारी हीच एक गाडी. पण तिचा मागचा एक्सल मुळातच बारीक. आत दहा-बारा माणसं आणि टपावर पोती असली की चढावर एखाद्या दिवशी आतला दांडा मोडायचा आणि सगळ्यांना उतरून चालावं लागायचं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा वडील म्हणाले, आता दांडा नको, अख्खा एक्सलच जाडजूड टाकू.

ते काम मिस्त्रीकाकांचं. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. वडील आणि ते माझ्या जन्माआधीपासूनचे दोस्त. काकांनी भंगारातून एका मोठ्या गाडीचा एक्सल शोधून आणला. बसवायला अवघड नव्हता. पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसायच्या जागा कापून पुन्हा वेल्डिंग करायच्या होत्या. खरी भानगड दुसरीच होती. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या दात्यांचं प्रमाण एकच लागतं. नसलं, तर चारही चाकं जोडल्यावर पुढची चाकं एका चालीनं जाऊ बघतात, मागची दुसऱ्या. चिखलात चाकं घसरतात म्हणून निभतं. टणक रस्त्यावर मात्र मधला गिअरचा डबा फुटतो.

ते तपासायची काकांची एक पद्धत होती. एक चाक जमिनीवर टेकलेलं ठेवायचं, दुसरं उचलून हातानं वीस वेळा फिरवायचं, आणि तेवढ्यात एक्सलला जोडलेला लांब शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. चाक एकानं मोजायचं, शाफ्ट दुसऱ्यानं. मध्ये कुणी बोलायचं नाही. शेवटी आकडा एकदाच सांगायचा.

मी सुट्टीत घरी आलो होतो. काकांनी मला हाक मारली.

"या कॉलेजवाले. खडूची खूण केली हाय शाफ्टावर. झोपा खाली अन् मोजा. शिकून राहिले ना तुमी?"

"काका, मला येईल का?"

"पन्नासपर्यंत येतं का? मग झालं."

काकांनी चाकाला एक चिंधी बांधली होती. ती बोटाला लागली की एक फेरा. नजरेनं का मोजत नाहीत, हे मी विचारलं नाही. मागे तात्पुरत्या अडकवलेल्या नव्या एक्सलचा आकडा एकोणपन्नास आला. तो मी नीट मोजला होता.

मग पुढचा. गाडीखाली गरम होत होतं, खिशातला फोन थरथरला. निकाल लागणार होता. मी फोन काढला नाही, पण मन तिकडे गेलं आणि तीसच्या पुढे कुठेतरी माझी मोजणी सुटली. काकांचा हात फिरतच होता. वीस फेरे झाले, त्यांनी पाना चाकावर वाजवला आणि विचारलं, "किती?"

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात असतं, म्हणून बरीच मुलं रीडिंग उलटीकडून भरतात. मीही भरत आलोय. सर सही करतात. गाडीखाली पडल्या पडल्या मी तेच केलं. दोन्ही सारखे यायला हवेत हे मला ठाऊक होतं.

"एकोणपन्नास," मी म्हणालो.

"बराबर?"

"बराबर."

पुन्हा फिरवा म्हणायला लाज वाटली. साठी उलटलेला माणूस घामानं भिजला होता. आणि शिकलेल्या पोरानं मोजणी हरवली, हे सांगणंही जमलं नाही. आकडे जुळले नसते, तर काका तो एक्सल परत करून दुसरा शोधणार होते. एवढंच झालं असतं.

नवा एक्सल बसला. चिखल सुरू झाला तशी जीप तांड्यावर चढली, लोक खूश झाले. मग एका बाजाराच्या दिवशी चिखल संपून डांबर लागलं तरी वडिलांनी चढ आहे म्हणून चारही चाकं जोडलेलीच ठेवली. गाडी भरलेली असतानाच मधला डबा फुटला. कुणाला लागलं नाही. जीप दोरीनं ओढत गॅरेजसमोर आणली. बाजारची माणसं गोळा झाली, त्यात काकांची नेहमीची गिऱ्हाइकंही होती.

वडील कधी मोठ्यानं बोलत नाहीत. तेव्हाही हळूच म्हणाले.

"मिस्त्री, आता तुमच्यानं होत न्हाई. तसं सांगायचं होतं."

काका फुटलेल्या डब्यावर हात फिरवत होते. म्हणाले, "व्हय."

मी त्या दिवशी घरी आलो होतो, वडिलांच्या मागेच उभा होतो.

जीप तशीच ओढत घरी आणली. दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं शाफ्टवर खडूची नवी खूण केली, पुढचं चाक उचललं आणि वीस फेरे दिले. शाफ्ट चोपन्नच्या जवळ गेला. पुन्हा मोजलं. तेच. खडूची खूण पुसून टाकली आणि संध्याकाळच्या बसनं होस्टेलला आलो. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं. परीक्षा झाली. मग दिवाळीला सांगू म्हटलं. दिवाळीला गेलो तेव्हा गॅरेजपर्यंत जाऊन परत आलो; आत काका सायकलचं पंक्चर काढत होते. गाड्या त्यांच्याकडे येईनाशा झाल्या होत्या. जीप आता मागच्या दोन चाकांच्या ओढीवरच चालते, आणि पावसात तांड्यावरची माणसं खालच्या रस्त्यापर्यंत चालत येतात.

गेल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. काकांनी गॅरेज बंद केलं. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं देऊन टाकलं आणि लेकीच्या गावाला राहायला गेले. जायच्या आधी वडिलांना भेटायला आले होते. डोळ्यांनी दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. उतरवलेल्या जुन्या एक्सलचे दाते चाचपून मोजले होते आणि घरी बसून हिशेबही लावला होता: पुढच्या एक्सलचे एकोणपन्नास यायला चाकाचे अठराच फेरे लागतात.

"म्हणले, चिंधी बोटाला लागली का न्हाई ते समजलं नसंल, वीसच्या जागी अठराच फिरवले म्या," वडील सांगत होते. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दलचा अभिमान होता. "म्हणले, पोराचं मोजणं बराबर होतं."