बंद वजनकाट्याचं अंतर

आमच्या गावच्या जत्रेत कुणाच्या अंगात आलं की मी मागच्या दारी चहा पीत बसायचे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. झालं ते सांगते... काय ते तुम्हीच ठरवा.

कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी डेटाबेस सांभाळते. प्रत्येक ट्रेलरला जीपीएस असतो. त्यावरून गाडीचे अक्षांश-रेखांश येतात आणि गाडी कुठल्या यार्डाच्या, पंपाच्या, वजनकाट्याच्या जवळ आहे ते क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सांगते. पृथ्वी गोल, म्हणून त्या क्वेरीत साइन, कोसाइन — शाळेत ज्यांना शिव्या घातल्या ते सगळे. नियम एकच. अंशातले आकडे आधी रेडियनमध्ये, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या मापात, करून द्यायचे. नाही दिले तर डेटाबेस तक्रार करत नाही, मुकाट्याने भलतंच उत्तर देतो.

माझा मोठा भाऊ, दादा, आमच्याच शेठकडे ट्रेलर चालवायचा. गेल्या थंडीत एका सकाळी न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरवून निघाला आणि पोर्टच्या रस्त्यावरच त्याच्या गाडीचा जीपीएस बंद पडला. फोनही लागेना. शेठच्या माणसांनी तिकडचे धाबे पालथे घातले, दादा नाही. दुपारी वहिनी येऊन माझ्या खुर्चीशेजारी बसली. रात्रीपासून त्याच्या छातीत दुखत होतं, तरी ऐकलं नाही, हे तिनं तेव्हा सांगितलं.

"ताई, शेवटचे जिथं दिसले, तिथनं जवल काय काय हाय ते बघ ना."

मी घाईघाईत क्वेरी टाईप केली. पहिलंच नाव आलं — ओवे गावाच्या अलीकडचा बंद वजनकाटा. अंतर ०.४ किलोमीटर. वहिनीनं ते मोठ्यानं वाचलं. हा काटा आमच्या घराच्या वाटेवर, म्हणजे पोर्टपासून किती लांब, हे मला पक्कं माहीत होतं. तरी उठले. वहिनीला स्कूटीवर घेतलं आणि निघाले.

ट्रेलर काट्याच्या आवारात उभा होता. दादा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलेला, हात अजून गरम. वहिनीचा आवाज त्यानं ओळखला. "घरीच येत व्हतो," एवढंच म्हणाला. हॉस्पिटलच्या दारातच जीव गेला. शेवटपर्यंत त्याचा हात वहिनीच्या हातात होता. मी रडले नाही. अजूनही रडलेली नाही... आत सगळं बधिर आहे.

तेराव्यानंतर ऑफिसला गेले. क्वेरी तशीच सेव्ह होती, आणि तेव्हा कुठे चूक दिसली. गाडीचे आकडे मी रेडियनमध्ये केले होते, जागांचे करायला विसरले होते. अशा चुकीत सगळीच अंतरं हजारो किलोमीटर यायला हवीत. परत चालवली — हजारोच आली. दुरुस्त करून चालवली, तर वर पोर्टजवळच्या जागा आणि काटा पार खाली. तोच डेटा, तीच चूक. कॉम्प्युटर चूकसुद्धा दरवेळी तशीच करतो. मग त्या दुपारी ०.४ आलं कुठून?

शेठ म्हणाले, घाबरली होतीस, वाचताना गडबड झाली असेल. असेलही. पण मग वहिनीचीही तीच गडबड कशी झाली?

परवा वहिनी दादाची केबिनमधली पिशवी न्यायला आली. क्वेरीतली चूक मी तिला आधीच सांगितली होती. पिशवी घेतली, पण जाईना.

"ताई, तशीच चुकवून परत एकदा लाव ना. आता ते किती लांब हायत, बघू."

मी लावली. आकडे समोर होते, तिला वाचता येत होते. तरी ती माझ्याच तोंडाकडे बघत राहिली.

"लांब हाय, वहिनी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पिशवी घेऊन गेली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि शोधायची ताकदही नाही. कामाची क्वेरी नीट आहे. चुकलेली मात्र मी वेगळी ठेवली आहे. रोज घरी निघायच्या आधी एकदा चालवून बघते.