नॉरिसकाकांनी निवडलेली तळणी

नॉरिस हेग आमचे शेजारी. दोन्ही घरांना मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांची किटली शिट्टी मारायला लागली की आमच्याकडे कळायचं. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणत आले. बॅटली गावच्या कापडगिरण्यांत त्यांनी चाळीस वर्षं माग दुरुस्त केले. गिरण्या बंद पडल्यावर मग गल्लीतल्या सायकली, शिलाईची यंत्रं, कपडे धुण्याची यंत्रं. "नॉरिस दारात उभा राहिला की अर्धा बिघाड भिऊनच पळतो," असं माझी आई म्हणायची.

डोरीनमावशी त्यांची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात ती सव्वीस वर्षं होती. आमच्या भागात माझ्या वयाचा असा माणूस सापडणार नाही ज्याने तिच्या हातचे चिप्स खाल्ले नाहीत. घरीसुद्धा मंगळवार आणि शुक्रवार चिप्सचेच. बटाट्याचे बोटाएवढे जाड तुकडे, आधी मंद आचेवर, मग निथळून पुन्हा कडक तापलेल्या चरबीत. ती चरबी पातेल्यातच राहायची. गार झाली की पांढरी दगडासारखी गोठायची, पुढच्या खेपेला पुन्हा वितळायची. चरबी तापली की नाही हे मावशी बघायची नाही, ऐकायची. एक तुकडा सोडायची, मान कलती करायची आणि म्हणायची, "अंहं. अजून नुसती कुजबुजतेय."

सदुसष्टाव्या वर्षी ती विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. काका तसंच खायचे. मग एका बुधवारी सकाळी बघावं तर बादलीभर बटाटे सोलून पाण्यात. "शाळेला आज काय जास्त पोरं यायचीत काय गं?" काकांनी चेष्टेने विचारलं. मावशी म्हणाली, "दोनशे दहा. रोजच्यासारखी." काका हसले, पण ते हसू मी पाहिलंय, ते तसंच तोंडावर अडकून राहिलं.

मार्चमधल्या एका दुपारी तिने पातेलं गॅसवर चढवलं आणि कपडे आत आणायला मागच्या अंगणात गेली. गेली ती तिथेच कुणाशी तरी बोलत बसली. काका वर खिडकीची कडी बसवत होते. धूर आला तेव्हा खाली धावले. पातेलं पेटलं होतं, ज्वाळा कपाटापर्यंत. त्यांनी ओला टॉवेल पिळून वर टाकला. आग विझली, पण उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत सोलली गेली. बंबवाले आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस काकांच्या शेजारी बसला. "आजोबा, हे पातेलं आता पुरे. विजेवरची तळणी घ्या. ठरावीक तापली की आपोआप बंद होते. आठवड्याला दोन घरं बघतो मी अशी, तुमचं निदान उभं तरी आहे."

काकांनी पातेलं घासून कोळशाच्या खोलीत पोत्याखाली लपवलं. मावशी तीन दिवस ते शोधत होती. चौथ्या दिवशी माझ्या दारात आली.

"माझं पातेलं दे."

"मावशी, माझ्याकडे नाहीये गं."

"तुला मी डावाने वाढून मोठी केली. दुसऱ्यांदा मागायला यायचीस ताट घेऊन. आणि आता माझंच भांडं चोरतेस?"

मागून काका आले. मला वाटलं, खरं सांगतील. त्यांनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती गेल्यावर मला म्हणाले, "तुझ्यावर आळ आला, माहितीये मला. पण मी लपवलं म्हणून सांगितलं तर ती माझ्या हातचं खायची नाही. मग मी काय करू, सांग?"

पुढच्या शनिवारी मी त्या दोघांना गाडीतून क्लेगच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात नेलं. क्लेगही मावशीच्याच हातचं जेवलेला. तिला बघून टोपी काढून उभा राहिला. फळीवर पाच-सहा तळण्या होत्या. एक गोल, एक काचेची खिडकीवाली, एक मोठी, दोन टोपल्यांची. काका एकेक उचलून उलटी करून बघत होते, वायर कुठून निघते, झाकण कसं बसतं. हाताला अजून पट्टी होती.

"तापली की खरंच आपोआप बंद पडते?"

"पडते. आणि पुन्हा गार झाली की चालू होते."

"तेल घालायचं विसरलं तर?"

"तरी बंद पडते."

"चालू असताना कुणी झाकण उघडलं तर? वायर ओढली तर? पाणी ओतलं तर?"

क्लेग प्रत्येकाचं उत्तर देत होता, पण आता जरा गोंधळला होता. काकांनी हातातली तळणी फळीवर ठेवली. मग हळूच विचारलं, "आणि कुणी ही उचलून गॅसवर ठेवली तर?"

क्लेग हसला. "काय हेगसाहेब! एवढं शहाणं कोण असणार, विजेची तळणी गॅसवर ठेवणारं?"

काका पट्टीच्या हाताकडे बघत राहिले. क्लेगचं हसू ओसरलं. तेव्हा मावशी, जी इतका वेळ किटल्यांच्या फळीशी उभी होती, वळून अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "माझ्याबद्दल विचारतोय रे तो, बाळा."

काकांची मान खाली गेली. मावशी पुढे आली. गोल तळणीचं झाकण तिने सहज उघडलं, बंद केलं, ती बाजूला सारली. खिडकीवालीचंही तसंच. तिसरीला दोन कळा एकदम दाबून झाकण फिरवावं लागत होतं. तिने दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा केलं. बोटं कुठे लावायची तेच तिला समजेना.

"ही घे नॉरिस," ती म्हणाली. "ही मला उघडत नाही."

"डोरीन, अगं, आपण घरी जाऊन विचार करू…"

"घरी जाईपर्यंत माझ्या लक्षात राहील का? आत्ता घे."

काकांनी ती घेतली. गाडीत परतताना मावशीने मला विचारलं, खोक्यात काय आहे. मी म्हटलं, तळणी. "कुणाचं लग्नबिग्न आहे का?" तिने विचारलं.

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी काका चिप्स करायला लागले. माहितीपत्रक भिंतीला चिकटवलं होतं, जसं गिरणीत मागाचं चित्र चिकटवतात. मावशी मेजापाशी बसून बघायची. बंद झाकणाखालून नुसती घरघर यायची, तिला त्यातलं काही उमगायचं नाही.

"झाले कशावरून म्हणतोस?"

"हा दिवा विझला की झाले."

"दिव्याला काय कळतंय!" ती म्हणायची. खायची मात्र, व्हिनेगर घालून, आणि खाता खाता काकांना समजावायची, "कामाला चांगला आहेस तू. पण दोनदा तळत जा. तुझ्या बायकोने शिकवलं नाही का तुला?" काका म्हणायचे, "शिकवत होती. मीच लक्ष दिलं नाही." हे ते खोटं बोलत नव्हते. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो बटाटा कधी हातात घेतला नव्हता. आता ते दोनदा तळायचे. तरी ती पुढच्या वेळी तेच सांगायची.

जूनमध्ये एका सकाळी काका पेन्शन आणायला टपाल कचेरीत गेले. जाताना तळणीची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवली होती. थोड्या वेळाने मला जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. आत गेले तर तळणी गॅसच्या शेगडीवर, चारही बर्नर पूर्ण उघडलेले. खालचा भाग वितळून शेगडीवर ओघळत होता आणि खोलीभर काळा धूर. मावशी समोर उभी होती, हातात सोललेला बटाटा. तिला माझा राग आलेला नव्हता, भीतीही वाटत नव्हती. अगतिक होऊन ती मला म्हणाली, "बघ ना गं, चरबी वितळतच नाहीये. पोरं रांगेत उभी आहेत."

मी गॅस बंद केला, तिला अंगणात बसवलं. काका आले, त्यांनी शेगडी पाहिली. मला वाटलं रडतील, पण ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "माग बिघडला की मी आधी तो थांबवायचो. थांबला की मग कळायचं कुठे तुटलंय. हिला मी थांबवू कसं?"

त्यांनी गॅसची जोडणी तोडून घेतली. त्यानंतर रोज सकाळी मावशी थंड शेगडीची कळ फिरवायची आणि रोज विचारायची, गॅस का येत नाही. काका रोज सांगायचे, रस्त्यात दुरुस्ती चालू आहे. त्यांची मुलगी जिलियन लीड्सहून दर रविवारी यायची. "बाबा, तुमचं वजन बघा. आईला आपण वृद्धाश्रमात ठेवू, तुम्ही रोज जा." ते म्हणायचे, "बघू." ऑक्टोबरमध्ये मावशी रात्रीच्या कपड्यांत भर पावसात शाळेच्या फाटकापर्यंत गेली, तिथे पडली, कंबरेचं हाड मोडलं. मग बघायचं काही उरलं नाही. दवाखान्यातून ती सरळ आश्रमातच गेली.

काका रोज जेवणानंतरची बस पकडून जात. एकदा मीही बरोबर होते. मावशी खिडकीपाशी बसली होती, केस नीट विंचरलेले. तिने त्यांना बसायला खुर्ची दाखवली, पाहुण्याला दाखवतात तशी.

"लांबून आलात?"

"फार नाही."

"घरी बायको असेल ना?"

"आहे."

"मग इथे काय बसलात? जा बघू. वाट बघत असेल ती."

काका उठले. "बरं, जातो," म्हणाले. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले, कोटाची गुंडी लावली, पुन्हा काढली. मी म्हटलं, "काका, चला घरी."

"थांब जरा," ते म्हणाले. पाच मिनिटं तसेच उभे राहिले. मग दार ढकलून पुन्हा आत गेले. मला बाहेर तिचा आवाज ऐकू आला, "या, या. लांबून आलात?"