जॉकीचं सिल्क रोल पॉलिशला गेलं

नेहाताईंनी पिशवी माझ्या मशीनवर उपडी केली. "आजी, हे जोडता येईल का?"

मी चष्मा लावला. हिरव्या-पांढऱ्या रेशमाच्या बोटबोट रुंदीच्या पट्ट्या होत्या. एक बाही तेवढी ओळखू आली, कारण ती मीच शिवली होती.

"काय केलंत?"

"रोल पॉलिशला दिलं, कोठी बाजारातल्या पॉलिशवाल्याकडे. सासूबाईंच्या कांजीवरम त्याच्याकडेच जातात. नव्यासारख्या करून देतो."

हैदराबादेत जुनी रेशमी साडी अशीच नवी करतात. धुतात, खळ लावतात, गरम रोलरमधून काढतात. साडीला ते चालतं. हे सिल्क होतं. शर्यतीत जॉकी घालतो त्या रंगीत सदऱ्याला रेसवाले सिल्क म्हणतात. मलकपेटला रेसकोर्सजवळ मी आणि माझ्या नवऱ्याने जन्मभर हेच शिवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण रेशीम मला कळतं. घाम मुरलेलं रेशीम काही वर्षांनी पापडासारखं होतं. दिसायला धड, दाबलं की तुटतं.

हे सिल्क हमीद जॉकीचं. शर्यतीत घोड्यावरून पडून वारला तेव्हा त्याच्या अंगात हेच होतं. दवाखान्यात कात्रीने छातीवर कापून काढलं. ते त्याच्या बायकोने, रझियाबीने, ट्रंकेत ठेवलं होतं. मग शर्यतींच्या जुन्या वस्तू जपायला एक ट्रस्ट निघाला. लोकांकडून वस्तू दान घ्यायच्या आणि हिमायतनगरच्या हॉलमध्ये मांडायच्या. नेहाताई त्याच्या सेक्रेटरी. पुण्याच्या, बोलायला गोड.

रझियाबी देत नव्हती. मीच तिच्या मागे लागले. "दे. तुझ्या माघारी सून फरशी पुसेल त्याने."

शेवटी दिलं. एकच अट घातली. "धोना नक्को. उनकी मिट्टी है." डाव्या खांद्यावर ट्रॅकची माती होती.

आठ दिवस बसून मी ते आधाराला मलमलीवर सुईने टाचलं. खांद्याला हात लावला नाही. देताना नेहाताईंना तीनदा बजावलं, धुवायचं नाही. त्यांनी तीनदा मान हलवली.

"मोठे पाहुणे येणार," आता त्या म्हणत होत्या. "तो डाग बरा दिसेना. आणि तुमची मलमल पॉलिशवाल्याने आधीच उसवली."

"जोडता येणार नाही."

"मग नवं शिवा ना. माप तुमच्याकडे आहे. सोमवारी उद्घाटन आहे. त्या बाईंना काय कळणार? दिसतं तरी कितीसं त्यांना?"

"छातीवर कात्रीने कापू का?"

मी टोमणा मारला होता. त्यांनी विचार केला. "हो आजी, सेम तसंच हवं."

मी पट्ट्या पिशवीत भरल्या आणि ऑटो करून रझियाबीकडे गेले. काय झालं ते एका दमात सांगितलं. तिने पट्ट्या मांडीवर घेतल्या. एकेक नाकाशी नेली. सगळ्यांना खळीचा वास होता.

"तुम बोले करके दी मैं, आपा."

मी कामाचंच बोलले. "वो लोगां नया सी के मांग रहे. क्या करूं?"

तिने पट्ट्या एकेक करून पिशवीत भरल्या. "सियो. नाम तो रहना उनका."

तीन दिवसांत शिवलं. छातीवर कापलं नाही.

सोमवारी हॉलमध्ये फोटो झाले, भाषणं झाली. काचेच्या कपाटात माझं नवं सिल्क लावलं होतं. खाली इंग्रजी पाटी होती. ती मला वाचता येत नव्हती, रझियाबीलाही नाही. मी नेहाताईंना विचारलं.

त्यांनी हळूच वाचून दाखवलं, "जॉकी हमीद. शेवटच्या शर्यतीतलं ओरिजिनल सिल्क."

"ओरिजिनल?"

"पाटी आधीच छापली होती, आजी. आता राहू द्या."

"नाम है?" रझियाबीने मला विचारलं.

"है."

बाकीचं मी सांगितलं नाही. तिने काचेला हात लावला. वॉचमन म्हणाला, "अम्मा, हात नक्को." ती निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. फोन केला तर सून उचलते आणि झोपल्यात म्हणते.

पट्ट्यांची पिशवी तिच्याकडेच आहे. त्यांचं काही होण्यासारखं नाही.

दान देण्याआधी मी हॉल बघून आले होते. काचेची कपाटं पाहिली, एसी पाहिला, खूश झाले. त्या कपाटाची किल्ली ज्याच्या हातात आहे त्याला रेशमातलं काही कळतं का, एवढं मात्र विचारलं नाही.