मामीचं एक विशेषण

मामा शाळेत इंग्रजी शिकवायचे. घरीही शिकवायचे, फक्त तिथे तास संपल्याची घंटा होत नसे. मामी पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचे कोट शिवायची, आणि शिवणाऱ्या माणसाला जागचं हलता येत नाही याचा मामांनी आयुष्यभर गैरफायदा घेतला.

एकदा त्यांनी तिला ‘एन्लायटनिंग’ हा शब्द समजावला. "नुसती माहिती मिळाली तर ते एन्लायटनिंग नव्हे. ज्यामुळे आत काहीतरी उमगतं, माणूस दुसऱ्या दिवशी वेगळं वागतो, ते."

मामीला हा अर्थ इतका पटला की तिने तो थेट मामांनाच लावला. काहीही सांगून झालं की मामा आशेने विचारायचे, "कसं वाटलं?" मामी ओठांतल्या टाचण्या काढून म्हणायची, "माहितीपूर्ण." फारच रंगात आले असतील तर "मनोरंजक." तो एक शब्द काही तिच्या तोंडून निघेना. मामांनी अगदी हाय खाल्ली. मी म्हटलं, "मामी, एकदा म्हणून टाक ना, तुझं काय जातं?"

"वा गं वा! उगीच वापरला तर तेच माझ्यावर डाफरतील."

निवृत्तीच्या समारंभासाठी मामांनी भाषण घोटून घोटून पाठ केलं. "आज तुझ्या मामीकडून तो शब्द वदवून घेतो की नाही बघ," असं मला बजावून ते व्यासपीठावर चढले. माईकपुढे उभे राहिले, समोरच्या मुलांकडे पाहिलं. तोंडातून अवाक्षर फुटेना. शेवटी हात जोडून, डोळे पुसत खाली बसले. मला भडभडून आलं. आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं.

घरी येताना मामांची मान खाली होती. "पुरती फजिती झाली."

"एन्लायटनिंग होतं," मामी म्हणाली.

मामा भर रस्त्यात थांबले. "थट्टा करतेस?"

"नाही हो. मला वाटायचं, तुम्हाला नुसतं बोलायला आवडतं. शाळेवर एवढा जीव आहे, हे आज कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने शिलाई मशीन बंद केलं, समोर खुर्ची ओढली. "बसा. शाळेचं सांगा, अगदी पहिल्या दिवसापासून."

एवढ्या वर्षांत मामांना असं कोणी विचारलंच नव्हतं. ते खुर्चीत टेकले. मग मशीनवरच्या कापडाकडे बघत म्हणाले, "आधी तू सांग. हा कोट कोणाचा गं?"