चौदा नंबरच्या ताटातलं लोणचं

मुलुंडच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ होते. नाहूरहून रिक्षाने साडेआठला पोहोचायचं आणि पहिलं काम म्हणजे किचनची एक्सेल फाइल उघडायची. तीन वॉर्डांच्या तीन फाइल्स सिस्टर भरायच्या. तिथले पेशंट आणि बेड नंबर लिंकने माझ्या फाइलमध्ये यायचे आणि शेजारच्या कॉलममध्ये कोणाला काय जेवण ते मी टाइप करायचे. 'अपडेट' दाबलं की नवी यादी तयार. ही सगळी जोडणी माझीच, त्यामुळे जरा मिरवायचेही.

त्या दिवशी यादी किचनला पाठवून मी ओपीडीत बसले होते. पावणेबाराला किचनच्या मावशींचा फोन आला. त्या मूळच्या मालवणकडच्या, वीस वर्षं तिथेच कामाला.

"गो बाय, चौदा नंबरच्या आजोबांचा मीठ बंद असा मां? मगे आज लोणचा कित्या दिलंस?"

"मी नाही दिलं, मावशी!"

"तुझ्याच कागदावर असा."

फोन चालू ठेवूनच मी धावत वर माझ्या टेबलाशी जाऊन फाइल उघडली. पुरुषांच्या वॉर्डमधून सकाळी चार नंबरचा पेशंट घरी गेला होता. नव्या सिस्टरने त्याची अख्खी ओळ डिलीट केली. खालची नावं एकेक ओळ वर सरकली, मी टाइप केलेलं जेवण मात्र जागच्या जागी राहिलं. चारच्या पुढे प्रत्येकाला दुसऱ्याचं ताट! शेवटच्या ओळीत नावाऐवजी शून्य आलं होतं. ते मी सकाळीच पाहिलं होतं आणि घाईत सोडून दिलं होतं.

"मावशी, ट्रॉली कुठाय?"

"लिफ्टकडेच थांबवलंय. पण एक ताट वर गेला. नऊ नंबर."

नऊ नंबरच्या काकांना डायबेटिस होता आणि ताटात शिरा. मी जिन्याने वर पळाले. बेड रिकामा, ताट झाकलेलं. माझा चेहरा बघून ती नवी सिस्टर म्हणाली, "काय झालं? काका एक्स-रेला गेलेत ना."

मी ताट उचललं आणि तिथल्याच स्टुलावर बसले. आता हसू येत होतं.

झालेलं सांगितल्यावर सिस्टर रडवेली झाली. "माझ्यामुळे वाट लागली असती."

"तुझं काही चुकलं नाही गं. असं मोडेल अशी फाइल मीच बनवली."

सगळ्यांची बरोबर ताटं वर गेल्यावर दुपारी मी फाइल नव्याने बांधली. आता ओळीवर काही अवलंबून नव्हतं. प्रत्येक पेशंटच्या नोंदणी नंबरवरून त्याचं जेवण शोधून त्याच्यासमोर यायचं. मग वॉर्डच्या फाइलची एक कॉपी त्या सिस्टरसमोर ठेवली.

"कर डिलीट. कुठलीही ओळ."

"नको ना!"

"कर तू."

तिने डोळे किलकिले करत सात नंबर उडवला. मी अपडेट दाबलं. नावं वर सरकली आणि त्यांचं जेवणही सोबत गेलं. तिने लगेच आणखी दोन ओळी उडवल्या. काही बिघडलं नाही. मग मला आठवलं की आपण अजून जेवलोच नाही.